अम्मीची बोट

हजला जायचं ते जहाजानेच, असं अब्बांनी अम्मीला कबूल केलं होतं. 1995 साली मुंबई–जेद्दा जहाज बंद झालं. नंतर अब्बाही गेले.

2018 च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. नोव्हेंबरात देवगिरी एक्सप्रेसने आम्ही जालना सोडलं. जिल्ह्यात नुकताच दुष्काळ जाहीर झालेला. गल्लीत आमची ही सहल काहींना खटकली. खटकणारच.

नव्या बोटीवर जुना प्रवासी सापडत नाही. वाट विचारावी तर समोरचाही आपल्यासारखाच नवखा. दोनदा आम्ही भलत्याच दारापुढे उभे राहिलो. ती सेवा पुढे बंद पडली, पण पुन्हा कुठली नवी बोट निघाली तर ध्यानात ठेवा: उतरल्याबरोबरची गाडी धरायचा बेत करू नका, आणि उलटीची गोळी बोट हलण्याआधीच घ्या. मी घेतली नाही. रात्र कठडा धरून काढली.

सत्तरीची अम्मी मात्र खुर्चीत ताठ बसलेली.

“जेद्दा किधर आया रे?”

मी उजवीकडे, अंधारात हात केला. तिने खुर्ची तिकडे वळवून घेतली.