उन्हाचा वाटा

आमच्या घरात दिवे लावण्यापेक्षा दिवे मालवण्याचं शास्त्र अधिक पुढे गेलेलं आहे. त्याचे आद्य संस्थापक आमचे बाबा. वर्ध्याच्या एका जिनात ते दिवाणजी होते. ज्या खोलीत माणूस नाही तिथे दिवा नाही, हा त्यांचा पहिला नियम. आणि ज्या खोलीत माणूस आहे पण नुसताच बोलत बसला आहे तिथेही नाही, हा दुसरा. बोलायला उजेड कशाला लागतो, असं ते विचारीत. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या उत्तम गप्पा अंधारात झालेल्या आहेत. माझ्या सासरकडचे एक वडीलधारे गृहस्थ पहिल्यांदा आले, तेव्हा लाइन गेली आहे असं समजून अर्धा तास हळहळत बसले होते. बाबांनी त्यांना तसंच हळहळू दिलं.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. पण विजेचं बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं. बिल आलं की आई ते आधी हातात घेई. आकड्याकडे तिचं लक्ष नसे. वरचं नाव ती मनाशी वाची आणि मग कागद माझ्याकडे देई. चौथी शिकलेल्या माझ्या आईचं महिन्याचं हे ठरलेलं वाचन. बाबांच्या नावाने घरात येणारं दुसरं टपाल आता उरलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत सगळे घरी जमले असताना आमच्या अकरावीतल्या चिरंजिवांनी गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवण्याचा विषय काढला. हिशेबाचा कागद त्याने तयारच ठेवला होता. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि सरासरीने दिवसाला चार युनिट वीज मिळते. कागदाच्या तळाशी त्याने ‘बिल : शून्य’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. माझं शास्त्र मॅट्रिकपर्यंतचं, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हिशेबात घरचेही धरत नाहीत; पण बेरीज मलाही बरोबर दिसली.

आईने कागद बाजूला सारला. “तीनशे फूट गच्ची तुमच्या प्लेटा घेतीन, तं माह्या कुरोड्या का रस्त्यावर वाळू घालू?”

आमच्या वर्ध्याची गच्ची ज्यांनी पाहिली नाही त्यांना हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. चैत्र लागला की तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुरोड्या, सरगुंडे, वड्या, वर्षाच्या मिरच्या, धुतलेले गहू. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की आम्ही हैराण होतो आणि आई खुशीत असते. दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकतं. रात्री त्याच गच्चीवर पाणी शिंपडून आमची अंथरुणं पडतात. ऊन आमच्या घरी कामाला लागून दोन पिढ्या झाल्या. त्याला पगार नाही, म्हणून ते कोणत्याही बिलात दिसत नाही इतकंच.

नातू विज्ञान सांगत होता, आजी कुरोड्या सांगत होती. मला मध्ये आठवले ते जे. सी. कुमारप्पा.

आमच्या शाळेची मुलं मी मगन संग्रहालय दाखवायला नेतो. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्याला वर्ध्यातली आपली बाग देऊन टाकली, तीच मगनवाडी. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी तिथल्या संग्रहालयाचं उद्घाटन केलं. संघाची धुरा वाहणारे कुमारप्पा म्हणजे लंडनला हिशेबतपासणी शिकलेले गृहस्थ. या माणसाने आयुष्यभर जमाखर्चच पाहिला, फक्त वही निसर्गाची होती. तुरुंगात लिहिलेलं त्यांचं शाश्वत अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक १९४५मध्ये निघालं. त्यांची मांडणी माझ्या शब्दांत सांगायची तर अशी : काही संपत्ती ठेवीसारखी असते आणि काही ओघासारखी. कोळसा आणि खनिज तेल ही ठेव. काढली तेवढी कमी झाली, आणि जिथे ठेव मोडून खायची असते तिथे भाऊबंदकी आलीच. वाहतं पाणी, दरवर्षीचं पीक, वाढणारं झाड हा ओघ. मगनवाडीत रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला तो याच विचारातून. आज तो विचार आमच्या चिरंजिवांच्या कागदावर उतरला होता. त्याला बिचाऱ्याला पत्ता नव्हता.

पण आईला ठेव आणि ओघ सांगून काय उपयोग? मी तिला वजन सांगितलं. आमच्या घरची वीज बव्हंशी कोळशाची. शेजारच्या चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं. आणि त्या बाजूचा कोळसा ज्या पट्ट्यात सापडतो त्याला भूगर्भशास्त्रज्ञ आपल्याच नदीच्या नावाने वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र म्हणतात. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, तर आमच्या महिन्याच्या दोनशे युनिटांना दीड क्विंटल झाला. त्यातली मोठी वाटणी राखेचीच.

“दीड क्विंटल?” आई म्हणाली. “मयन्याले?”

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा घरावर कवेलू होते आणि चुलीत पऱ्हाटी-तुराटी जळत असे. शेतातून पऱ्हाटीचा भारा डोक्यावर आणलेल्या बाईला जळणाचं वजन मानेला माहीत असतं. आम्हा बटणवाल्यांना ते कधी कळलंच नाही. भिंतीतल्या तारेतून ना धूर येतो, ना राख काढावी लागते. “एवढा जाळ तं म्या पंगतीलेही नाही केला,” असं म्हणून ती उठली, आणि ओसरीतला दिवा मालवून आली. आम्ही सगळे ओसरीतच बसलो होतो.

गच्चीचा तह असा झाला : तीनऐवजी दोनच किलोवॅट, प्लेटा उंच घोडीवर, दक्षिणेकडे तोंड करून, आणि पूर्वेची संपूर्ण पट्टी आईची. अनुदान ६०,००० झालं. एक किलोवॅट कुरोड्यांसाठी राखीव ठेवणारं घर तालुक्यात बहुधा आमचंच असेल.

खरी अडचण पुढेच होती. अर्ज करणाराचं नाव आणि बिलावरचं नाव एक लागतं. म्हणजे बाबांचं नाव काढायचं. त्यासाठी पुण्याच्या दादाची आणि अमरावतीच्या ताईची संमती हवी. दादा फोनवर गप्प झाला. घर, शेत, वाटण्या हे शब्द आमच्यात कधी मोठ्याने उच्चारले गेलेले नाहीत, आणि ‘तुझ्या नावाने करून घे’ हे वाक्य धाकट्या भावाला सांगणं कुठल्याही थोरल्याला जड जातं. मीही मागितलं नाही. चार दिवसांनी ताईचाच फोन आला. “आईच्या नावानं करा नं,” ती म्हणाली.

हे आम्हा दोघांना सुचू नये!

आईने सही केली, ठळक, एकेक अक्षर सुटं काढून. बाबांच्या नावाचं शेवटचं बिल तिने घडी करून ट्रंकेत ठेवलं. पुढच्या महिन्यात नवं बिल आलं तेव्हा ते तिने नेहमीसारखं आधी हातात घेतलं आणि नाव वाचलं. “बाई ग्राहक हाये आता,” असं म्हणून कागद माझ्याकडे दिला.

प्लेटा माघात बसल्या. त्यांनी आम्हाला दोन-तीन गोष्टी शिकवल्या. मे महिन्यात वीज धो-धो येईल अशी चिरंजिवांची अटकळ होती. पण प्लेट चालते उजेडावर, उष्णतेवर नव्हे, आणि तापली की उलट थोडी मंदावते. “माणसासारकीच हाये,” आई म्हणाली. दुसरं नवल असं की, भर दुपारी लाइन गेली की आमचाही पंखा थांबतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आमच्या गच्चीचा झटका बसू नये म्हणून ती तजवीज. ऊन डोक्यावर आणि आम्ही हातात पुठ्ठा घेऊन बसलेले. पण कारण कळल्यावर राग येत नाही.

बिल खरोखरच उतरलं, आणि त्याबरोबर चिरंजिवांचा हातही सैल झाला. रिकाम्या खोलीत पंखा फिरू लागला. विचारलं तर उत्तर एकच : “फुकट आहे.” मग एसीची मागणी आली. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खातो. आमचा कूलर दोनशेच्या. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर काम चोख करतो, थोडा गातो एवढंच. शिवाय एसी चालणार रात्री, आणि रात्री प्लेटा झोपलेल्या. तेव्हाची वीज चंद्रपुराकडचीच, वहीत दिवसाच्या विजेशी तिची वजाबाकी होते इतकंच. हे मी समजावलं. समजलं त्याला, पटलं नाही. सोळाव्या वर्षी या दोन क्रियांत बरंच अंतर असतं.

उन्हाळ्यात प्लेटा पाहायला आलेल्या कारागिराला आईने विचारलं, “दुपारी आमाले लागत नाही, तं ते वीज जाते कुठं?”

“तारेवर जाते, आजी. जवळ ज्याच्या घरी पंखा चालू असन तो वापरते. तुमच्या शेजारीच जात असन.”

शेजारी तेव्हा बाळंतीण आलेली होती. लेकरू महिन्याचंही नव्हतं. त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की आई आपल्या खोलीतला पंखा बंद करते आणि ओसरीत दाराच्या वाऱ्याला येऊन बसते. नातू परोपरीने सांगतो की आजी, आता पैसे पडत नाहीत.

“माहीत हाये मले,” ती म्हणते. “तिकडं लेकराले लागू दे.”