लवकर नासणारे निर्णय

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम फाउंड्री. मालक दोघे भाऊ, माणसं नव्वदच्या आसपास, पाळ्या तीन. नवं मोठं गिऱ्हाईक लागायचं होतं. त्यांचे लोक ऑडिटला येणार होते आणि त्यांनी मागितलेल्या कागदांत 'ऑर्गनायझेशन चार्ट' होता. थोरले म्हणाले, "जरा नीट काढून द्या, भिंतीवर लावूया." मी बसलो आणि सगळे करतात तेच केलं. आधी नावं लिहिली, नावांभोवती चौकटी काढल्या, मग चौकटी रेघांनी जोडल्या. तासाभरात कागद तयार. वाचून पाहिला तर कोण मोठा आणि कोण लहान एवढंच त्यातून कळत होतं. काम कसं होतं, याचा पत्ता नव्हता. कागद पालथा घातला आणि शॉपवर गेलो.

*

एका कास्टिंगच्या मागे मागे चाललो. पॅटर्न, वाळू, कोअर, साचा, मेल्टिंग, ओतणं, नॉकआउट, फेटलिंग, तपासणी, मशीन शॉप, डिस्पॅच. वहीच्या डाव्या पानावर काम किती वेळ चाललं ते लिहिलं, उजव्या पानावर माल नुसता किती वेळ पडून राहिला ते. उजवं पान भरून वाहिलं. जिथे माल पडून होता तिथे प्रत्येक वेळी कुणाच्या तरी होकाराची वाट पाहणं चालू होतं. पॅटर्न दुरुस्तीला द्यायचा का? मशीनिंग बाहेरून करून घ्यायचं का? बारीक डाग असलेला माल पुढे सोडायचा की परत भट्टीत? बहुतेक वेळा वाट थोरल्यांचीच.

वहीत लिहिलं : रचना आखताना आधी निर्णयांची यादी करावी, माणसांची मागाहून.

*

खूप वर्षांपूर्वीची एक रात्रपाळी आठवते. फाउंड्री दुसरी होती. एसजी आयर्नचं काम. या लोखंडात ओतण्याआधी मॅग्नेशियम मिसळतात. त्यामुळे आतलं ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात धरतं आणि कास्टिंगला चिवटपणा येतो. पण मॅग्नेशियम टिकत नाही. मिसळल्यापासून ते उडायला लागतं, आणि मोजक्या मिनिटांत धातू साच्यात गेला नाही तर सगळी मेहनत फुकट.

त्या रात्री लॅडल भरलं आणि पुढे साच्यांची लाइन अडकली. भट्टीवरच्या मामांना कळून चुकलं होतं की धातूची वेळ टळली. तो पिगमध्ये, म्हणजे साध्या ठोकळ्यांच्या साच्यांत, ओतून टाकला असता तर पुन्हा वितळवता आला असता. त्यांनी साहेबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तोवर लाइन सुरू झाली आणि धातू साच्यात गेला. तो माल फेटलिंग होऊन, रंगून, गाडीत चढून गिऱ्हाइकाकडे पोचला आणि तिथून सगळाच्या सगळा परत आला. मामा म्हणाले ते आजही कानात आहे, "मालकांस्नी इचारल्याबिगर एवढं लोखंड कसं वाया घालवायचं?"

लोखंडाचं सगळ्यात जास्त ज्ञान त्या क्षणी मामांकडे होतं. अधिकार घरी झोपलेल्या माणसाकडे होता. दोष मामांचा नव्हता आणि झोपलेल्या साहेबांचाही नव्हता. दोष रचनेचा होता.

*

त्यातून माझी एक फुटपट्टी तयार झाली, ती आजवर वापरतो. प्रत्येक निर्णयाला विचारायचं : तू किती वेळात नासतोस? मिनिटांत नासणारा निर्णय भट्टीवरच्या, मशीनवरच्या माणसाकडे. दिवसभर टिकणारा सुपरवायझरकडे. महिनाभर टिकणारा मॅनेजरकडे. नवी भट्टी घ्यायची का, नवं गिऱ्हाईक धरायचं का, हे निर्णय वर्षभर खराब होत नाहीत. ते मालकांनी निवांत बसून घ्यावेत. मालक दिवसभर मिनिटांचे निर्णय घेत बसले की वर्षाचे निर्णय घ्यायला कुणीच उरत नाही.

*

ही फुटपट्टी खरी आहे का, हे बघायचं असेल तर पहाटे कुठल्याही गावच्या दूध संस्थेत जाऊन उभं राहावं. करवीर, कागल, राधानगरी, कुठेही. बायका-माणसं कासंड्या, किटल्या घेऊन रांगेत. माप होतं, नमुना घेतला जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) निघतं, पावती हातात येते. दूध आंबलेलं असेल तर तिथेच परत. त्यासाठी कुणी कोल्हापूरला फोन करत नाही, कारण दूध थांबत नाही. खरेदीचा दर किती, नवा प्रकल्प उभारायचा का, पशुखाद्य कुठलं द्यायचं, हे मात्र संघात ठरतं. 'गोकुळ' म्हणून घराघरांत माहीत असलेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. एवढा पसारा साठ वर्षं चालतो, त्यात संकलन केंद्रावर दूध तपासणाऱ्या टेस्टरला मिळालेल्या अधिकाराचा वाटा मोठा आहे.

आणखी एक गोष्ट. म्हैसवाला संस्थेचा सभासद, संस्था संघाची सभासद. म्हणजे कागदावर जो सगळ्यात खाली दिसतो तोच मालक आहे. असा तक्ता वरून खाली वाचता येत नाही, गोल फिरून वाचावा लागतो.

*

निवडून आलेली माणसं आणि नेमलेली माणसं यांच्या कामाची वाटणी हा सहकारातला सगळ्यात नाजूक सांधा. आणंदमध्ये १९४६ साली खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला, १९४९ साली व्हर्गीस कुरियन तिथे पोचले. संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल शेतकऱ्यांचा विश्वास सांभाळायचे, कुरियन डेअरी सांभाळायचे. दोघांनी एकमेकांच्या वाट्यात हात घातला नाही, म्हणून दोघेही मोठे झाले. आपल्याकडे संस्था अडचणीत येते तेव्हा बहुतेक वेळा हा सांधा आधी निखळलेला असतो.

*

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावच्या शेडमध्ये गेलं की रचना डोळ्यांनी दिसते. दिवाणजी हिशेबाला, जॉबर मागाच्या दुरुस्तीला, विणकर मागांच्या मध्ये. मागाचीच दुसरी गोष्ट जपानमधली. तिथे साकिची टोयोडांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. टोयोटाच्या मोटार कारखान्यात हाच विचार पुढे गेला. चूक दिसली की ओळीवरचा साधा कामगार दोरी ओढतो आणि काम थांबवू शकतो. थांबवण्याचा अधिकार सगळ्यात खालच्या माणसाला देणं हे मला कुठल्याही रचनेतलं सगळ्यात धीराचं पाऊल वाटतं.

*

पण सगळंच खाली सोडायचं नाही. हे शिकायला पन्हाळ्याला जावं. अंबरखान्यात धान्याची कोठारं आजही उभी आहेत. भिंतींची जाडी बघितली की धान्य म्हणजे किल्ल्याचा जीव होता हे कळतं. शिवकाळात गडाचा कारभार एकाच माणसाच्या हाती नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशी जबाबदारी वाटलेली, कोठाराला कारखानीस वेगळा. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, साठा तिसऱ्याकडे. एक फितला तरी गड जात नाही.

आजच्या कारखान्यात हेच. खरेदीची ऑर्डर देणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा ही तीन माणसं वेगळी असावीत. भंगार विकणारा आणि भंगाराचं वजन लिहिणारा एक नसावा. यात कुणावर अविश्वास नाही. उलट प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचवणारी ही सोय आहे. घाईचा निर्णय एका माणसाकडे द्यावा, मोहाचा निर्णय दोघांत वाटावा.

*

रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' कोल्हापूरच्या गादीच्या सुरुवातीच्या काळातलं, १७१५ च्या सुमाराचं. प्रधान, सावकार, वतनं, गडकोट, आरमार असं एकेक प्रकरण घेऊन राज्याची घडी कशी बसवावी ते त्यात आहे. मला त्यातला वतनांचा विचार सगळ्यात जवळचा वाटतो. शिवाजी महाराजांनी अष्टप्रधानांची पदं वंशपरंपरेची केली नव्हती. पुढे पदांची वतनं होत गेली आणि त्याचे परिणाम आपण इतिहासात वाचतो.

घरच्या कंपनीत हा प्रश्न रोज उभा असतो. स्टोअर मेहुण्याकडे, खरेदी पुतण्याकडे. वीस वर्षांनी त्या जागेला कुणी हात लावू शकत नाही, कारण ती आता जागा राहिलेली नाही, वतन झालं आहे. पुतण्या हुशार असेल तर जरूर घ्यावा. पण पद आधी लिहावं, त्याचं काम लिहावं, ते काम जमतं का हे कधी आणि कशावरून बघायचं तेही लिहावं, आणि मग पुतण्याचं नाव घालावं.

*

फ्रान्समधल्या एका खाण कंपनीचा कारभार अनेक वर्षं पाहिलेले आंरी फेयोल. १९१६ साली त्यांनी व्यवस्थापनाची तत्त्वं मांडली, त्यातलं एक : एका माणसाला हुकूम एकाकडूनच मिळावा. शिरोलीतल्या त्या फाउंड्रीत सकाळी थोरले सांगायचे, "हा माल आधी काढा." दुपारी धाकटे यायचे, "तो राहू दे, हा घ्या." दोघांचा हेतू चांगला. मधल्या मध्ये सुपरवायझरचं भरीत. मी त्याला एकट्याला विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "कुनाचं ऐकलं तरी संध्याकाळी एक जण नाराजच."

भावांना एकत्र बसवून कामं वाटली. बाजार आणि पैसा थोरल्यांकडे, शॉप धाकट्यांकडे. एकमेकांना काही सुचवायचं तर घरी, जेवणाच्या वेळी. शॉपवर नाही. दोघांनाही हे जड गेलं.

*

माणसं किती झाली की मधली पायरी घालावी? तालमीतल्या वस्तादाकडून शिकावं. पोरगं जोर मारताना कमरेत कुठे ढिलं पडतं, हे वस्ताद स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. जितकी पोरं त्याच्या नजरेत मावतात तितकीच त्याची. संख्या वाढली की तयार पोरांच्या हाती नवखी पोरं द्यावी लागतात. कारखान्यातही आकडा पुस्तकातून घेऊ नये. सुपरवायझरला आपल्या प्रत्येक माणसाचं काम आज कसं झालं ते सांगता येतं का, एवढं बघावं. सांगता येईना, तर पायरीची वेळ झाली. सांगता येत असेल तर नवी पायरी नुसता निरोप पोचवायला उशीर करते.

*

कंपनीचा पहिला तक्ता म्हणून ज्याचं नाव घेतात तो १८५५ सालचा, अमेरिकेतल्या एरी रेल्वेचा. तिथले अधिकारी डॅनियल मॅकॅलम यांच्यापुढे प्रश्न असा की लांब रेल्वेचा खर्च मैलागणिक लहान रेल्वेपेक्षा जास्त का येतो. त्यांचं उत्तर होतं की व्यवस्था नीट नाही. त्यांनी काढून घेतलेला तक्ता झाडासारखा आहे. संचालक मंडळ सगळ्यात खाली, मुळाशी. तिथून फांद्या वर आणि बाहेर जातात, टोकाला गाड्या चालवणारी माणसं.

आपल्याकडे ऊस बघून वाढलेल्या माणसाला हे लगेच पटावं. मूळ पाणी पोचवतं. साखर उसात धरते.

*

ऑडिटच्या आदल्या दिवशी भिंतीवर दोन कागद लागले. एक गिऱ्हाइकासाठी, चौकटींचा. दुसरा भट्टीशेजारी, मोठ्या अक्षरांत, चारच ओळींचा : कोणता निर्णय, कोणी, किती वेळात, आणि नंतर कुठे लिहायचा. पहिली ओळ होती, 'मॅग्नेशियमची वेळ टळली तर हीट पिग करायची. भट्टीवाल्याने. न विचारता. रजिस्टरमध्ये नोंद.'

तीन आठवड्यांनी रजिस्टर चाळलं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांची एक नोंद होती. हीट पिग केली, कारण लाइन अडकली, खाली सही. त्याखाली सकाळच्या तारखेने धाकट्यांची सही. शेरा काही नाही.