बाण कुणाच्या मापाचा?

द्रोणाचार्यांनी शिष्यांना झाडावरचा पक्षी दाखवला आणि अर्जुनाला केवळ त्याचा डोळा दिसला, ही कथा आपण मुलांना एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. अर्जुनाच्या हातातला बाण त्याच्या मापाचा होता का, हे मात्र कुणी विचारीत नाही.

आमच्या शाळेत तिरंदाजी सुरू झाली, तेव्हा एका सद्गृहस्थांनी कार्बनचे बारा काळेभोर, देखणे बाण भेट दिले. आठवीतली एक मुलगी १८ पौंडी रिकर्व्ह धनुष्य घेऊन नेमाने सराव करी. तिचे बाण मात्र लक्ष्याच्या डावीकडेच जात. "सर, माझा हातच वाकडा आहे," असे म्हणून एके दिवशी ती धनुष्य परत करू लागली. दात्याचा हेतू निर्मळ होता. पण ते बाण चाळीस पौंडी धनुष्य ओढणाऱ्या धडधाकट माणसाचे होते.

प्रत्यंचा बोटांवरून निसटताच बाण माशासारखा वळवळतो आणि धनुष्याच्या मुठीला जणू वळसा घालून निघतो. तो किती वाकतो, यावर पुढचे सारे अवलंबून. हे मोजण्याची रीत मोठी सुबक आहे. २८ इंचांवर दोन टेकू देऊन काडीच्या मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगायचे. ती जितके सहस्रांश इंच झुकेल, तो तिचा 'स्पाइन'. ५०० ची काडी अर्धा इंच झुकते, १००० ची एक इंच. आकडा मोठा तितकी काडी लवचीक. नवखा येथेच फसतो. भेटीचे बाण ५०० चे होते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा असा ताठ बाण डावीकडेच कलतो. त्यात मुलीच्या हाताचा काय दोष?

लांबीचे गणित सोपे आहे. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर घ्यावे व त्याला अडीचने भागावे. या मुलीचे अंतर ६० इंच, म्हणून ओढ २४ इंच. बाण त्याहून दोन इंच तरी लांब हवा. वाढत्या वयात तीन. येथे काटकसर नको. आखूड बाण टेकणीवरून मागे घसरला, तर सुटताना धनुष्य धरलेल्या हातातच घुसू शकतो.

नवशिक्यासाठी माझी पसंती ॲल्युमिनियमला. ते वाकले तर दिसते. तडकलेल्या कार्बनच्या कुसळांची भीती वेगळीच. आम्ही १६१६ क्रमांकाचे बाण आणले. पहिले १६ म्हणजे व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. दुसरे १६ म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, सहस्रांशांत. ही काडी एक इंचाहून किंचित अधिक झुकते. भेटीचे बाण कपाटात आहेत; चाळीस पौंड ओढणारा कुणी निघेल तेव्हा त्याला मिळतील.

नव्या बाणांनी लगेच पिवळे वर्तुळ गाठले, असे मुळीच झाले नाही. ते डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असे विखुरले. मात्र कोणता बाण का चुकला, हे आता ती मुलगी स्वतः सांगू लागली आहे, आणि धनुष्य परत करण्याची गोष्ट तिने पुन्हा काढलेली नाही.