आवर्तन सुटण्याआधी

पक्षिनिरीक्षणास निघणाऱ्या मनुष्याने आधी पाण्याची चौकशी करावी आणि पक्ष्यांची मागाहून, असे माझे मत वर्षानुवर्षांच्या भटकंतीतून बनत गेले आहे. आमचे कुरुळी पुणे-नाशिक हमरस्त्याला लागलेले, खेड तालुक्यातले गाव. कारखानदारीच्या या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी बहुधा गुरुवारी असते, आणि रविवारची गर्दी चुकविणारी ही सोय आम्हा पाखरवेड्यांना आयतीच लाभली आहे. पहाटेच्या अंधारात निघून मंचर, नारायणगाव, संगमनेर मागे टाकीत सिन्नरपर्यंत यावे आणि तेथून निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वराची वाट धरावी; मात्र निघण्यापूर्वी कालव्याचे आवर्तन सुटले आहे काय, एवढे तिकडच्या एखाद्या शेतकऱ्यास विचारून घ्यावे.

याचे कारण त्या स्थळाच्या जन्मकथेतच आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी 1907 ते 1911 या काळात सरकारने जो बंधारा घातला, तो गोदावरीच्या कालव्यांना पाणी पुरविण्यासाठी. पक्षी कोणाच्याच ध्यानी नव्हते. पुढे नदीने दरसाल आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाण्याची खोली घटली, गाळावर पाणवनस्पती माजल्या, आणि पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात जी निव्वळ तूट म्हणून नोंदली जावी, तीच पाखरांच्या खाती जमा झाली. 1986 साली ते अभयारण्य झाले आणि 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. निसर्गाचे म्हणून जे आपण कौतुकाने पाहावयास जातो, त्यात सरकारी बांधकामाचा वाटा किती मोठा असतो, याचा विचार चापडगावच्या मनोऱ्यावर उभे असताना माझ्या मनात हटकून येतो.

मनोऱ्यावर चढताच दुर्बीण डोळ्यांस लावण्याची घाई करू नये. आधी उघड्या डोळ्यांनी पाण्याचे भाग पाडावेत. काठाच्या ओल्या चिखलात तुतवार आणि धोबी, घोटाभर पाण्यात शेकाट्या, पानांच्या पसाऱ्यावर लांब बोटांचा कमळपक्षी, लव्हाळ्याच्या आडोशास जांभळी पाणकोंबडी, त्यापलीकडच्या मोकळ्या पाण्यात थापट्या, तलवार बदक आणि वारकऱ्यांचे काळे थवे: पायांची लांबी, चोचीची घडण आणि पाण्याची खोली यांचा हा करार इतका काटेकोर आहे की जागा ओळखली म्हणजे पक्ष्याची निम्मी ओळख पटते. आवर्तनासाठी पाणी फुगविले की चिखलाच्या पट्ट्या बुडतात आणि कालपर्यंत तेथे चरणारी लहान पाखरे दुसरीकडे जातात. ती नाहीशी झाली म्हणून हळहळणाऱ्याने पाण्याचे वेळापत्रक पाहिलेले नसते. थव्यातले सगळे एकदम उडाले तर मात्र खाली न पाहता वर पाहावे. बहुधा दलदलीवरून संथपणे घिरट्या घालणारा भोवत्या दिसतो. छायाचित्रासाठी काठावर उतरून थवे उठविणाऱ्यांविषयी मी येथे लिहीत नाही, कारण लेखाची भाषा बिघडेल.

दुसरी वाट उजनीची. भीमेवरील त्या जलाशयाचे पाणी हिवाळ्यापासून ओसरू लागते, भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूस उथळ कड उघडी पडते, आणि मग रोहित पक्षी उतरतात. मच्छीमारांच्या नावेतून अंतर राखून त्यांना पाहता येते. माना बुडवून, चोच उलटी धरून ते पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. या पाण्याशी आमचे नाते काही परके नाही. कुरुळीच्या दक्षिणेस वाहणारी इंद्रायणी आळंदीवरून तुळापुरास जाऊन भीमेला मिळते, आणि आमच्या औद्योगिक पट्ट्याचे व नगरांचे सांडपाणी पोटात घेऊन ती भीमा उजनीत येते. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांनी शेवाळ माजते, शेवाळाने काही पक्ष्यांची चंगळही होत असेल. म्हणून थव्यांची दाटी पाहून पाण्याच्या शुद्धतेचा दाखला देऊ पाहणाऱ्या उत्साही मंडळींशी माझा नेहमी वाद होतो. आळंदीच्या घाटावरचा पांढरा फेस एकदा पाहून यावे, मग उजनीच्या रोहितांविषयी बोलू, असे मी त्यांना सांगतो.