शेवट माहीत असताना

आषाढात लोणावळ्याच्या तुंगार्ली धरणाचं पाणी धुक्यात दिसेनासं होतं. राजमाचीच्या वाटेवर समोरून येणारा माणूस अगदी जवळ आल्याशिवाय ओळखू येत नाही. माझं लहानपण तिथलं. पावसाळाभर हातात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं असायची आणि गुन्हेगार कोण, हे कळेपर्यंत जेवायला उठवत नसे.

त्याच वयात शेजारच्या काकूंकडे दूरदर्शनवर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ पाहिला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा, १९६४ सालचा चित्रपट. वकिलाची बायको वारते. पुढे गुन्हेगार म्हणून पकडलेली, हुबेहूब तशीच दिसणारी एक बाई ‘मीच तुमची बायको’ म्हणत त्याच्यासमोर उभी राहते. पडद्यावर मुंग्या होत्या, तरी या भूमिकेतल्या अभिनेत्री भावना यांचा चेहरा दिसला की खोलीत सगळे गप्प. खरी कोण, एवढंच मला हवं होतं.

कॉलेजात असताना लोकलने पुण्याला जाऊन राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) पाहिला. कादंबरी जेम्स केनची, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलरची. विमा एजंट सुरुवातीलाच खुनाची कबुली देतो. रहस्य तिथेच संपलं, तरी मी खुर्चीला खिळून होतो. खिडकीच्या पट्ट्यांतून त्याच्या अंगावर सावल्या पडत होत्या आणि एक चांगला-भला माणूस स्वतःच्या पायांनी खड्ड्याकडे चालत होता. पुढे चँडलरच्याच कादंबरीवरचा ‘द बिग स्लीप’ (१९४६) पाहिला. त्यातल्या ड्रायव्हरला कोणी मारलं, असं विचारल्यावर ते आपल्यालाही माहीत नाही, असं खुद्द चँडलरने कळवलं होतं. चित्रपटाचं त्यावाचून काही अडलं नाही.

हे मनात घेऊन ‘पाठलाग’ पुन्हा पाहिला. आता शेवट ठाऊक होता, म्हणून नजर त्या बाईवरून वकील झालेल्या काशिनाथ घाणेकरांकडे वळली. ज्या बायकोसाठी तो झुरतो, तिचाच चेहरा समोर असताना त्याला वकिलासारखं उलट प्रश्न विचारावे लागतात. तिच्यावर विश्वास ठेवावा, तर आपण केलेला शोक खोटा ठरतो. न ठेवावा, तर कदाचित जिवंत बायकोला आपणच लोटतो. कादंबरी हे शब्दांत सांगते. कॅमेरा मात्र अर्धा चेहरा अंधारात ठेवतो आणि ती शंका आपल्याच डोळ्यांत उतरते. याच कथेवरचा राज खोसलांचा ‘मेरा साया’ (१९६६) रंगीत आहे, देखणा आहे, साधनाने तो पेललाही आहे. पण संशयाला काळा-पांढराच रंग मानवतो, हे माझं मत दर पावसाळ्यात पक्कं होत जातं.

चांगल्या रहस्यपटाची कसोटी दुसऱ्या वेळी लागते. ‘पाठलाग’ त्या कसोटीला उतरतो. तुम्ही तो पाहिला असेल, शेवट पाठ असेल, तर या पावसाळ्यात दिवे मालवून पुन्हा पाहा. आणि या वेळी नजर त्या वकिलावर ठेवा.