इसब आणि शेंगदाणे

बालमित्रांनो, कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला सारखं खाजवणारं कुणी तुमच्या वर्गात आहे का? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोरडी थंडी पडली, की त्याची कातडी उलते, लाल होते, कधी कधी पाणीही सुटतं. हा इसब. खरजेसारखा तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका तरटपट्टीवर बसा, खुशाल एका डब्यात जेवा!

माझ्या तिसरीच्या वर्गात अशी एक मुलगी होती. मुलं तिच्याजवळ बसेनात. मी तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, तसा तो प्रश्न दोन दिवसांत मिटला. खरी अडचण तिच्या डब्यात होती. नुसती पोळी आणि मीठ! कुणी सांगितलं वांगं बंद करा, कुणी अंडं, मग दूध, शेवटी शेंगदाणे. आता दाण्याच्या कुटाशिवाय आपल्याकडची भाजी ती काय? पोर वाळत चालली, इसब मात्र होता तिथेच. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी नीट विचारपूस करून तपासणी केली, तेव्हा बाधत होतं ते फक्त अंडं.

मग इसबाचा आणि खाण्याचा संबंध आहे की नाही? आहे, पण आपण समजतो तसा नाही. कातडी म्हणजे घराची भिंत. इसबात तिला भेगा पडतात. घरातल्या धुळीतले, कुणाच्या हाताला लागलेले दाण्याचे किंवा अंड्याचे कण त्या भेगांतून आत शिरतात. शरीराचे पहारेकरी त्यांना चोर समजतात. तोच पदार्थ तोंडावाटे, म्हणजे पुढच्या दाराने आला, तर बहुधा पाहुणा ठरतो! म्हणून पुष्कळदा इसब आधी होतो आणि खाण्याची ॲलर्जी मागून येते.

लंडनच्या डॉक्टरांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही बाळं निवडली. निम्म्यांना शेंगदाण्याचे मऊ पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दाणा दाखवलाही नाही. २०१५ साली निकाल आला. न खाणाऱ्यांत शंभरात सुमारे १७ मुलांना दाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत अवघ्या तिघांना. डॉक्टरांचा पूर्वीचा सल्ला याच्या अगदी उलट होता बरं का!

पालकहो, म्हणून बाळाच्या तोंडात अख्खा दाणा घालू नका, तो घशात अडकतो. इसब जास्त असेल, तर काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. उललेल्या अंगाला शेंगदाण्याचं तेल चोळू नका. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. खाल्ल्यावर थोड्या वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर मात्र तडक दवाखाना गाठा.

आणि मुलांनो, मित्राला ‘खाजवू नको’ म्हणून ओरडू नका. रात्री झोपेतही खाज सुटते त्याला. नखं मात्र बारीक कापायला सांगा.