गिफ्ट

‘भेट’ या शब्दाचे दिवस भरले. वाढदिवसाला भेट द्यायची आहे म्हटले, तर मुले विचारतात, “कुणाशी?” आता सगळीकडे गिफ्ट! पण ‘गिफ्ट आणलीय हं’ असे म्हणत जर्मनीत मात्र कुणाच्या दारात उभे राहू नये. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे चक्क विष!

तसे या शब्दाचे कूळ चांगले. मूळ अर्थ, जे दिले ते. पूर्वी जर्मनांचीही गिफ्ट म्हणजे देणगीच होती. पुढे औषधाची दिलेली मात्रा, ती गिफ्ट झाली; आणि मात्रा जरा जास्त झाली की काय होते, ते सांगायला वैद्य नको. ग्रीकांकडून आलेला ‘डोस’सुद्धा देण्यातलाच; आपल्या ‘दान’चा तो चुलतभाऊ.

स्वीडिश लोकांनी तर कमाल केली. ते म्हणतात ‘यिफ्ट’, आणि त्याचे अर्थ दोन : विष आणि विवाहित. मी हे मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींना सांगितले. त्या भाजी निवडत म्हणाल्या, “मग यात दोन अर्थ कुठे झाले?”

विवाहित अशासाठी, की मुलगी ‘दिली’. म्हणजे आपले कन्यादानच! गिफ्टचा जुना अर्थ जर्मनांच्या ‘मिटगिफ्ट’ या शब्दात अजून टिकून आहे. मिटगिफ्ट, म्हणजे मुलीसोबत दिलेले, हुंडा.

हुंड्याला आपल्याकडे १९६१ पासून कायद्याने बंदी आहे. त्यामुळे हल्ली हुंडा कुणी मागत नाही. “तुम्ही हौसेने मुलीला काय गिफ्ट द्याल ती द्या,” एवढेच म्हणतात. कोणत्या भाषेतली, ते मुलीला नंतर कळते.